पक्षी अजून यायचा आहे

सेटवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य 'ॲक्शन' नव्हे आणि 'कट'ही नव्हे. 'ते पोस्टमध्ये बघू' हे ते वाक्य. पोस्ट म्हणजे शूटिंग संपल्यानंतरचं काम. हिरव्या पडद्याला सुरकुती पडलीय, पोस्टमध्ये बघू. आकाशात विजेची तार आलीय, पोस्टमध्ये बघू. आणि अंगणाच्या भिंतीवर एक अजस्र पक्षी येऊन बसणार आहे, त्याच्या पंखांच्या वाऱ्याने धूळ उडणार आहे, नायिका दोन पावलं मागे सरकून वर बघणार आहे. तो पक्षीसुद्धा पोस्टमध्येच बघायचा. मी व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर दृश्य-परिणाम करणाऱ्या, टीमतर्फे सेटवर उभी असते. लेन्सची नोंद ठेवायची, कॅमेऱ्याची उंची मोजायची, ग्रे बॉल आणि क्रोम बॉल (एक करडा आणि एक आरशासारखा गोळा) धरून प्रकाशाचा नमुना घ्यायचा, क्लीन प्लेट, म्हणजे नटांशिवायची तीच फ्रेम, मिळाल्याशिवाय युनिटला पुढच्या शॉटकडे जाऊ द्यायचं नाही, ही माझी कामं. आणखी काही महिन्यांनी हीच फ्रेम संगणकावर उघडून जे लोक तिच्यात पक्षी बसवणार आहेत, त्यांच्या वतीने आज भांडणं हेही माझंच काम.

भांडण बहुतेक वेळा जागेचं असतं. न दिसणारा पक्षी प्रत्येकाला वेगळा दिसत असतो आणि घोळ तिथेच होतो. दिग्दर्शकाच्या डोक्यातला पक्षी घराएवढा. छायाचित्रकाराने स्टोरीबोर्ड पाहिलेला, त्या चित्रात तो त्याला बैलाएवढा वाटलेला, म्हणून त्याने पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावलेली. आर्ट डिपार्टमेंटला पंजाचं माप कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून भिंत वीतभर जाडीची. नायिकेला सांगितलंय, 'लुक तिथे, काठीच्या टोकावर.' काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू, आणि काठी धरणाऱ्याचा हात दमला की चेंडू हळूहळू खाली येतो. त्याबरोबर तिची नजरही. ऑपरेटर फ्रेम लावतो ती माणसाची, कारण त्याच्यापुढे माणूसच आहे. डोक्यावर बेताची मोकळी जागा सोडलेली, नेटकी फ्रेम. टेक ओके होतो, सगळे पुढच्या शॉटला लागतात. मग एके दिवशी पक्षी त्या फ्रेममध्ये बसवायला घेतात आणि त्याची मान कापली जाते. आता एक तर पक्षी लहान करा, नाही तर मागे ढकला, नाही तर फ्रेम वरून वाढवून आकाश नव्याने रंगवा. काहीही केलं तरी पक्षी त्या अंगणात परवानगी काढून आल्यासारखा उभा राहतो. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. तो म्हणतो, 'व्हीएफएक्स फसलेत.' खरं तर फसलेलं असतं शूटिंगच्या दिवशीचं बघणं.

म्हणून आता मी भिंतीसमोर टॅबलेट धरते.

टॅबलेटच्या पडद्यावर तेच अंगण दिसतं, तीच भिंत, तेच लाइटवाले शिडी घेऊन जाताना दिसतात, आणि भिंतीवर पक्षी असतो. करडा, मातीच्या कच्च्या पुतळ्यासारखा, अंगावर एकही पीस नाही. पंजे भिंतीत बोटभर रुतलेले, कारण भिंतीची वरची कड टॅबलेटला नेमकी कळलेली नसते. मी बोटाने त्याला जरा वर उचलते. डावीकडे चार पावलं गेले की त्याची कूस दिसते. भिंतीच्या जवळ गेले की चोच माझ्या डोक्यावरून पुढे गेलेली असते आणि ती पूर्ण बघायला मला टॅबलेट वर करून मान मागे टाकावी लागते. सेटवर ही मान मागे टाकण्याची क्रिया फार मोलाची. कारण ती कुणी सांगून केलेली नसते.

मग लोक जमतात, आणि पहिल्यांदा जे होतं ते मला फार आवडतं: वाद होतात. कलादिग्दर्शक म्हणतो, 'याचा पंजा तर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतोय, एवढ्याशा भिंतीवर हा बसेलच कसा?' छायाचित्रकार टॅबलेट हातात घेऊन मागे मागे सरकत जातो, पाठ मागच्या ट्रॉलीला टेकते, आणि म्हणतो, 'पस्तीस काढा, चोवीस आणा.' चोवीसच्या लेन्समध्ये जास्त जागा मावते. दिग्दर्शकाला एकदम उमगतं की पक्षी असा समोरून बसला तर त्याचा चेहरा दिसायचाच नाही, सगळी छातीच दिसेल. त्याला तिरका बसवायला हवा. आणि नायिकेचं काम करणारी मुलगी, जी इतका वेळ खुर्चीवर संवाद वाचत बसलेली असते, ती येऊन विचारते, 'याचा डोळा कुठंय?' चेंडू ज्या उंचीवर बांधला होता तिथे पक्ष्याचा गळा असतो. डोळा आणखी हातभर वर आणि बाजूला. सगळ्यांच्या डोक्यातले वेगवेगळे पक्षी पहिल्यांदाच एकमेकांसमोर येतात आणि निम्मे तिथल्या तिथे बाद होतात.

टॅबलेटला हे जमतं कसं, तेही थोडं सांगायला हवं. त्याचा कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक बिंदू पकडतो: विटेचा कोपरा, खिळ्याचं डोकं, रंगाचा पोपडा. तुम्ही हललात की ते बिंदू पडद्यावर सरकतात, आणि त्याच वेळी आतले गतिमापक सांगत असतात की हात किती आणि कुठल्या दिशेने हलला. दोन्हींचा मेळ घालून तो सेकंदाला कित्येक वेळा स्वतःची जागा नव्याने ठरवतो. खऱ्या दृश्यात नसलेली वस्तू दाखवण्याच्या या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर म्हणतात. त्यासाठीचं ॲपलचं एआरकिट २०१७ मध्ये आलं, गुगलचं एआरकोरही त्याच सुमाराचं, आणि त्याआधी ज्यासाठी खास उपकरणं आणावी लागत ते काम खिशातल्या फोनवर आलं. गंमत म्हणजे व्हीएफएक्सच्या लाडक्या हिरव्या पडद्यासमोरच हे सगळं डगमगतं. सपाट, एकसारखा रंग. पकडायला बिंदूच नाहीत. पक्षी हळूहळू भिंतीवरून निसटून हवेत तरंगायला लागतो. मग आम्ही पडद्यावर टेपच्या फुल्या चिकटवतो. २०२० पासून काही टॅबलेटांत आणि फोनांत लायडार आला, तो प्रकाशाच्या किरणांनी अंतर मोजतो, पण त्याची धाव जेमतेम पाच मीटर. खोलीत उत्तम. मोठ्या अंगणाच्या पलीकडच्या भिंतीला त्याचा हात पोचत नाही.

टॅबलेट झाला जागा बघण्यापुरता. प्रत्यक्ष शॉट घेताना पक्षी हवा तो सिनेमाच्या कॅमेऱ्यातून जाणाऱ्या चित्रात, आणि तिथे मामला कडक होतो. कॅमेऱ्यावर एक वेगळं उपकरण बसवतात. ते एक तर आजूबाजूचं दृश्य स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यांनी वाचतं, नाही तर स्टुडिओच्या छतावर चिकटवलेल्या चकाकत्या टिकल्या बघून आपण कुठे आहोत ते ओळखतं. फोकसच्या आणि झूमच्या कड्यांना दातेरी चकत्या लावून त्यांचं फिरणं मोजावं लागतं, कारण फोकस बदलला की बऱ्याच लेन्सचा आवाका किंचित आत-बाहेर होतो. प्रत्येक लेन्स कडेच्या सरळ रेषा थोड्या वाकवते, ते वाकणं आधी चौकटींच्या तक्त्यावर शूट करून मोजलेलं असावं लागतं. आणि कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू आणि लेन्स ज्या बिंदूतून जग बघते तो बिंदू, यांच्यातलं अंतर नेमकं भरावं लागतं. ते चुकलं की पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, अंगण एका वेगाने सरकतं आणि पक्षी दुसऱ्या. पाहणाऱ्याला भोवळ आल्यासारखं होतं.

हे सगळं नवं वाटतं, पण सेटवर उभं राहून अख्खं चित्र बघायची सोय सिनेमाला फार आधी होती. ती मध्ये हरवली. माझ्या मते या तंत्राचं महत्त्व समजायचं तर आधी ती हरवली कशी ते पाहायला हवं.

१९०७ मध्ये नॉर्मन डॉन या अमेरिकन छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियातल्या पडक्या मिशन चर्चांचं चित्रण करताना एक युक्ती केली. कॅमेऱ्यासमोर मोठी काच उभी केली आणि इमारतीचा ढासळलेला भाग त्या काचेवर रंगवला. कॅमेऱ्यातून बघितलं की काचेवरचं छप्पर मागच्या खऱ्या भिंतींवर चपखल बसलेलं. पडकी इमारत अखंड. या काचेच्या शॉटची मर्यादा उघड होती. कॅमेरा हलवायचा नाही, आणि रंगवलेल्या सावल्या ज्या वेळच्या आहेत तेवढ्याच वेळात शूट उरकायचं. सूर्य सरकला की खोटं उघडं पडलं. पण जो कुणी कॅमेऱ्याला डोळा लावेल त्याला पूर्ण झालेलं चित्र तिथल्या तिथे दिसायचं. १९२५ च्या 'बेन-हर'मध्ये रथांच्या शर्यतीच्या स्टेडियमचे खालचे मजले खरे बांधले होते आणि वरचे मजले म्हणजे कॅमेऱ्यासमोर टांगलेली छोटी प्रतिकृती होती. तिच्यात हलणाऱ्या हजारो चिमुकल्या बाहुल्या प्रेक्षक म्हणून बसवल्या होत्या. 'मेट्रोपोलिस'साठी ऑइगेन श्युफ्टान यांनी आरसा तिरका धरला, त्याचा काही भाग खरवडून पारदर्शक केला, आणि प्रतिकृतीतल्या शहरात जिवंत माणसं चालवली. १९२७ ची गोष्ट. या सगळ्या कारागिरांचं चित्र लेन्सच्या पुढेच पुरं होत होतं.

पुढे वेगवेगळ्या फिल्म एकत्र छापणारे ऑप्टिकल प्रिंटर आले, निळे पडदे आले. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचं तंत्र असं वापरलं की त्याला ऑस्कर मिळालं. कॅमेरा मोकळा होत गेला, कल्पनेला मुभा मिळाली, आणि त्या बदल्यात सेटवरचे लोक आंधळे झाले. चित्राचा अर्धा भाग दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसांच्या हाती, कित्येक आठवड्यांनी पुरा होणार. रे हॅरीहाऊझेन यांनी 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाड्यांशी तीन माणसांची लढाई रंगवली. नटांनी आधी स्टंटवाल्यांबरोबर तलवारबाजीचा एकेक वार घोटून घेतला, मग स्टंटवाले बाजूला झाले आणि नट हवेशी लढले. हॅरीहाऊझेन त्यानंतर साडेचार महिने एकेका फ्रेमला सांगाडे हलवत बसले. १९६३ साली पडद्यावर जो मेळ दिसला तो केवळ पाठांतराचा. मला त्या लढाईचं आजही अप्रूप आहे. पण ती ज्या शिस्तीने जमली ती शिस्त धावत्या शूटिंगमध्ये कुणाला परवडणार?

सेटवरची नजर परत येऊ लागली ती संगणकाच्या वेगामुळे. २००० मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग 'ए.आय.'चं शूटिंग करत होते, त्यातल्या रूज सिटी या शहराचा मोठा भाग संगणकात होता. निळ्या पडद्यापुढे नट उभे असताना मॉनिटरवर त्यांच्यामागे कच्चं का होईना, ते शहर दिसत होतं आणि कॅमेरा हलला की हलत होतं. मग २००९ चा 'अवतार'. जेम्स कॅमेरून यांनी पँडोरा या काल्पनिक जगातल्या नावी नावाच्या निळ्या माणसांचा अभिनय आधी मोशन कॅप्चरने, म्हणजे नटांच्या हालचाली संगणकात नोंदवून, टिपून घेतला होता. खऱ्या माणसांचे प्रसंग नंतर शूट झाले, तेव्हा सिमलकॅम या पद्धतीने ते आधी टिपलेले निळे लोक कॅमेऱ्याच्या चित्रात जिवंत मिसळले जात. कॅमेऱ्यातून बघावं तर माणसाशेजारी दहा फूट उंच नावी उभा. डोळा काढावा तर रिकामा मंच. दोन वर्षांनी 'रिअल स्टील'मध्ये यंत्रमानवांची बॉक्सिंग याच पद्धतीने झाली. मारामाऱ्या आधी मोशन कॅप्चरने टिपल्या आणि शूटिंगच्या जागेवर रिंगमध्ये त्या कॅमेऱ्यातून 'चालू' केल्या. ऑपरेटर दोरांबाहेरून, खरी लढत चाललेली असताना हलावं तसा हलत होता.

या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे, कारण या तंत्राची सगळ्यात मोठी देणगी माझ्या लेखी तिथे आहे. वेळ वाचतो, पैसा वाचतो, चुका कमी होतात, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण पडद्यावर फरक पडतो तो ऑपरेटरच्या अंगात.

रिकाम्या भिंतीवर टिल्ट करायचा असतो तेव्हा काय होतं ते बघा. सहायक दिग्दर्शक ओरडतो, 'पक्षी आला! बसतोय, बसतोय... बसला!' ऑपरेटर त्या आवाजावर कॅमेरा वर नेतो. तो अनुभवी असतो, त्याचा टिल्ट रेशमासारखा. एका वेगाने वर जाऊन नेमका थांबतो. आणि म्हणूनच तो खोटा असतो. कॅमेऱ्याला आधीच माहीत होतं की पक्षी कुठे बसणार आहे. प्रेक्षक हे शब्दांत सांगणार नाही, पण त्याच्या मनाला ते कळतं: ज्याने हे टिपलं तो घाबरला नाही, दचकला नाही, त्याने त्या पक्ष्याला बघितलंच नाही.

आता त्याच ऑपरेटरच्या मॉनिटरमध्ये पक्षी सोडा. कच्चा, करडा, पिसं नसलेला. पण तो एका बाजूने झेपावत येतो आणि भिंतीवर आदळतो. मी त्या वेळी ऑपरेटरच्या मागे उभी होते. त्याचा हात आधी जरा चुकला. पक्षी फ्रेमच्या वर निघून गेला, मग कॅमेरा त्याच्यामागे धावला, गरजेपेक्षा थोडा पुढे गेला, परत आला, आणि पक्षी पंख मिटत असताना तो हळूच मागे सरकला, कारण पंख फ्रेममध्ये मावत नव्हते. हे मागे सरकणं कुठल्याही स्टोरीबोर्डमध्ये नव्हतं. टेक संपल्यावर तो म्हणाला, 'मॅडम, परत घेऊ, मी लेट झालो.' दिग्दर्शक म्हणाला, 'अजिबात नाही. हाच ठेवायचा.' त्या उशिरात त्या पक्ष्याचं वजन होतं. ते वजन नंतर संगणकावर घालता येतं का? थोडंफार येतं. कॅमेऱ्याला कृत्रिम धक्के देता येतात, आणि आम्ही ते देतोही. पण माणसाचं शरीर मोठ्या वस्तूला बघून जे करतं त्याची नक्कल पटकन ओळखू येते.

त्याच सेटवर मला आणखी एक गोष्ट कळली, ती सावलीबद्दल. लोक मॉनिटरवर पक्षी बघून सारखे म्हणत होते, 'तरंगतोय, खोटा वाटतोय.' पिसं नाहीत म्हणून असेल, असा सगळ्यांचा समज. आमच्यातल्या एकाने पंजांच्या खाली नुसता एक धुरकट काळा डाग घातला. ना दिशा, ना आकार, नुसता डाग. त्याबरोबर पक्षी भिंतीवर बसला. पिसांची मागणी पुन्हा कुणी केली नाही. डोळ्याला आधी हे कळावं लागतं की वस्तू कशावर टेकली आहे. ती कशाची बनली आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

या पद्धतीत उणिवा आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. पहिली उणीव उशिराची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. कॅमेऱ्याचं चित्र संगणकात जाणं, जागा ओळखणं, पक्षी रंगवणं, दोन्ही मिसळून परत मॉनिटरवर येणं यात सहा फ्रेम गेल्या तर पाव सेकंद गेला. ट्रॉलीवरच्या संथ शॉटला पाव सेकंद खपतो. खांद्यावर कॅमेरा घेऊन पळणाऱ्याला नाही खपत. त्याला साधं चित्र द्यावं लागतं आणि पक्षी बाकीच्यांनी बघायचा.

दुसरी उणीव पुढे-मागेची. संगणकाला साधेपणी इतकंच कळतं की खऱ्या चित्रावर पक्षी काढायचा. नायिका पंखासमोरून गेली तरी पंख तिच्या तोंडावर. मागे हिरवा पडदा असेल तर रंगावरून तिला वेगळं काढता येतं, पण खऱ्या अंगणात तो आधार नाही. एआरकिटला २०१९ पासून माणूस ओळखून त्याला पुढे ठेवणं जमतं, फोनवर ते पुरतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यावर या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उत्तर २०२२ च्या 'अवतार : द वे ऑफ वॉटर'मध्ये निघालं. मुख्य कॅमेऱ्याबरोबर आणखी दोन छोटे कॅमेरे, आणि शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं अंतर तिथल्या तिथे काढत होतं. त्यामुळे एका नावीच्या पुढून आणि दुसऱ्याच्या मागून जाणारा खरा मुलगा मॉनिटरवर बरोबर तसाच दिसत होता.

तिसरी उणीव यंत्रातली नाही, आपल्यातली आहे. कच्चा पक्षी बघून बघून त्याच्यावर जीव जडतो. संकलक तोच लावून सिनेमा कापतो, दिग्दर्शक महिनोन्‌महिने तोच बघतो, आणि शेवटी ॲनिमेटर खरा पक्षी घेऊन येतो तेव्हा त्याला सांगतात, 'पहिल्यासारखा कर.' त्या पहिल्या पक्ष्याची हालचाल शूटच्या दिवशी तंबूत बसून घाईघाईत जुळवलेली असते. पक्षी बसताना आधी पाय पुढे टाकतो, शेपटी खाली दाबून वेग मारतो, शेवटच्या क्षणी पंख वर फेकतो. हे ज्याने वर्षानुवर्षं पाहून हातात मुरवलंय त्याच्या कामाला तंबूतल्या घाईने कुंपण घालायचं, हे मला मान्य नाही. म्हणून मी एक आग्रह धरते. सेटवरच्या पक्ष्याने तीनच गोष्टी सांगाव्यात: तो केवढा आहे, कुठे आहे, आणि कधी आला-गेला. अभिनय त्याने करू नये. आणि पक्षी घातलेलं चित्र आणि कोरं चित्र ही दोन्ही वेगवेगळी, एकाच टाइमकोडवर (फ्रेमच्या वेळेच्या एकाच मोजणीवर) रेकॉर्ड व्हायलाच हवीत, म्हणजे कच्चा पक्षी कधीही बाजूला काढता येतो.

एवढं सगळं करूनही फ्रेममधलं एक माणूस तसंच राहतं. नट.

१८६२ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. मंचापुढे प्रेक्षकांच्या दिशेने कललेली भली मोठी काच, खाली खड्ड्यात प्रखर प्रकाशात उभा असलेला दुसरा नट, आणि काचेत उमटलेलं त्याचं प्रतिबिंब प्रेक्षकांना मंचावरच्या नटाशेजारी दिसणार. लोक किंचाळत. पण मंचावरचा नट काचेच्या मागे होता. त्याला भूत दिसत नव्हतं. जमिनीवरच्या खुणा आणि पाठ केलेल्या मोजणीच्या भरवशावर तो हवेत तलवार चालवत होता. दीडशेहून अधिक वर्षं झाली. दिग्दर्शकाला भूत दिसायला लागलं, ऑपरेटरला दिसायला लागलं, आणि नट अजून काचेच्या मागेच आहे. त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवता येत नाही, कारण आपल्याला त्याचे डोळेच तर शूट करायचे आहेत.

२०१२ च्या 'द हॉबिट'च्या वेळी त्यातल्या उंच जादूगाराचं काम करणाऱ्या इयन मॅकेलन यांच्यावर जे गुदरलं ते पुष्कळांनी वाचलं असेल. थ्रीडी कॅमेऱ्याला दोन डोळे, त्यामुळे एकाला जवळ आणि एकाला लांब उभं करून लहान-मोठं दाखवायची जुनी युक्ती चालेना. मग बुटके एका सेटवर आणि मॅकेलन एकटे हिरव्या सेटवर, समोर स्टँडांवर बुटक्यांचे फोटो, आणि ज्याचं वाक्य असेल त्याचा दिवा लागणार. रंगभूमीवर आयुष्य घालवलेला तो मोठा नट तिथे रडला. त्याला समोरचं माणूस हवं होतं. उलट, १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये सशाचा आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर सशाचा पोशाख चढवून कॅमेऱ्याबाहेर उभे राहत आणि बॉब हॉस्किन्स यांना प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे देत. पोशाखाची कॅमेऱ्याला काडीची गरज नव्हती. गरज समोरच्या नटाला होती.

एलईडी भिंतींनी हा प्रश्न सोडवला असं म्हणतात. २०१९ च्या 'द मँडलोरियन'साठी सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची वळणदार भिंत उभी केली, तिच्यावर वाळवंट दिसायचं आणि चिलखतावर त्याचं खरं प्रतिबिंब पडायचं. नटाला आपण कुठे आहोत ते कळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण भिंतीवरचं दृश्य बरोबर दिसतं ते कॅमेरा जिथे आहे तिथूनच. नट जिथे उभा आहे तिथून ते खेचलेलं, वाकडं दिसतं. आणि भिंत ही शेवटी मागची बाजू. माझा पक्षी अंगणात, नटीच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये चोच घालतो. त्याला भिंत काय करणार? 'द वे ऑफ वॉटर'च्या लोकांनी यावर जे केलं ते मला फार माणुसकीचं वाटतं. त्यांनी तारांवर एक छोटा मॉनिटर टांगला, त्यावर आधी टिपलेल्या नटाचा चेहरा चालू, शेजारी त्याचा आवाज, आणि तो मॉनिटर नावीच्या डोक्याच्या उंचीवर, नावी जसा चालेल तसा हवेतून फिरत राही. समोरच्या खऱ्या मुलाला बघायला डोळे मिळाले, बोलायला माणूस मिळाला. इतकं भारी तंत्र हाताशी असताना शेवटी तारेला चेहरा बांधावा लागला.

आमच्याकडे तारा नाहीत. मी टॅबलेट नटीच्या हातात देते. लायटिंग चालू असतं तेवढ्यात ती एकटीच पक्ष्याभोवती फिरते. मी तिला काही सांगत नाही. ती चोचीच्या खाली जाऊन उभी राहते, पंखाच्या टोकापर्यंत चालत जाते, डोळ्याला डोळा लावायला कुठे उभं राहावं लागतं ते शोधते. हे झालं की टॅबलेट काढून घ्यायचा आणि लगेच तालीम करायची, आठवण ताजी असतानाच. काठीवरचा चेंडू तेव्हाही असतो, पण आता तो तिला फक्त जागा सांगतो. ती बघते ते तिच्या आठवणीतल्या पक्ष्याकडे. दोन टेकमध्ये नजरेची उंची किती जुळते ते मी मॉनिटरवर मोजते, आणि टॅबलेट घेऊन फिरलेल्या नटांची नजर जास्त स्थिर असते असं मला आढळलंय.

पुढच्या शेड्यूलसाठी मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. लायटिंगच्या वेळात नटांसाठी ही फेरी कॉल शीटवरच (दिवसाच्या कामाच्या तक्त्यावरच) लिहिलेली असावी, कुणाच्या मर्जीवर नको. आणि त्या दिवशी पक्ष्याचा ॲनिमेटर सेटवर हवा. प्रॉडक्शनने दुसरी मागणी परत पाठवली, ॲनिमेटर शूटवर येऊन काय करणार म्हणून. मी उत्तरात एवढंच कळवलं की मागच्या वेळी नटीने टॅबलेट खाली ठेवून मला विचारलं होतं, 'हा भुकेला आहे की रागावलाय? मी त्याप्रमाणे मागे सरकेन.' पक्षी केवढा आहे ते माझ्या वहीत होतं. तिने विचारलेलं फक्त ॲनिमेटरलाच माहीत असणार होतं.